तक्ता पुण्याचा, परडं बेळगावचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून बेळगावात, हिंदवाडीला राहायला येऊन दोन वर्षं झाली. घरामागं दीड गुंठ्याचं परडं आहे. त्यात हापूसचं कलम, लिंबू, कढीपत्ता, प्राजक्त आणि जास्वंदीचं कुंपण. पुण्यातल्या आईच्या बागेवरून केलेला महिन्यांचा तक्ता हाताशी आहे: कधी काय फुलतं, कुठला पक्षी कधी येतो. इथं मात्र तो जुळत नाही. यंदा कोकीळ जानेवारीतच ओरडली, आंब्याला मोहोर यायचा तिथं पालवी फुटली, कढीपत्ता अळ्यांनी ओरबाडला आणि दिवाळीपासून जांभळा शिंजीर पक्षी गायब आहे. हवामान बिघडलंय का? अळ्यांवर फवारायचं का? आणि वहीत नेमकं लिहायचं काय?

प्रश्न चार-पाच दिसतात, पण अडचण एकच आहे. तुमच्या परड्यात नेहमी काय घडतं हे अजून तुम्हाला ठाऊक नाही. त्यामुळं जे घडलं ते वेगळं होतं की रोजचंच, हे ठरवायला आधार नाही. पुण्याचा तक्ता पुण्याचं नेहमीचं सांगतो. तो चुकीचा नाही, पण इथं लावण्यात अर्थ नाही. माझी रोपवाटिका आहे आणि बरीच वर्षं परड्याची वही ठेवतो, तेव्हा त्या अनुभवावरून सांगतो. माझा सगळा भर एका गोष्टीवर राहील: ‘पहिल्यांदा कधी दिसलं’ यापेक्षा ‘ठरलेल्या दिवशी ठरलेल्या झाडावर काय होतं आणि काय नव्हतं’ हे लिहिलेलं जास्त कामाला येतं.

आधी, कशाकशावर अवलंबून आहे ते. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, पुणे ५६० च्या आसपास. उंचीचा फरक पडतो, पण त्याहून जास्त फरक पाडतो तो पाऊस. सह्याद्रीच्या कड्यापासून पूर्वेला निघालात की तो झपाट्यानं उतरत जातो. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीला हंगामात हजारो मिलिमीटर कोसळतो, शहरात सव्वा हजाराच्या आगेमागे, आणि गोकाक, रायबाग, अथणीकडं पाच-सहाशेवर भागवावं लागतं. एका खानापूर तालुक्यातच जांबोटीचं परडं आणि बिडीचं परडं यांची वेळापत्रकं जुळत नाहीत. त्यात माती आली. तांबड्या निचऱ्याच्या मातीतलं झाड पाऊस थांबला की लवकर तहानतं, वडगाव-येळ्ळूरच्या काळ्या शिवारातलं झाड बराच काळ ओलीवर राहतं. रोपवाटिकेत एकाच आठवड्यात निपाणीचं गिऱ्हाईक सांगतं ‘आमचा आंबा मोहोरला’ आणि खानापूरचं सांगतं ‘आमच्याकडं अजून काही नाही’. दोघंही खरंच सांगत असतात. म्हणून मी पुढं जे महिने सांगेन ते बेळगाव शहर आणि आसपासचे धरा. आठ-पंधरा दिवस इकडं-तिकडं होणारच.

आता तुमच्या तक्रारी एकेक घेऊ. कोकीळ कुठून येत नाही आणि कुठं जात नाही. बारा महिने ती इथंच असते, थंडीत गप्प असते एवढंच. पिंपळाच्या दाट पानांत फळं खात बसलेला काळा नर कुणाच्या लक्षात येत नाही. तो ओरडला की आपण म्हणतो, आली. जानेवारीत एखाद्या उबदार पहाटे एखाद्या नरानं चार सूर काढले तर त्यात नवल काही नाही. खरी धामधूम मार्चनंतर, कारण तिची अंडी कावळ्याच्या घरट्यात जायची असतात आणि कावळे उन्हाळ्यात घरटी बांधायला घेतात. म्हणून पहिल्या कुहूची तारीख मी फारशी धरत नाही. आठवड्यातून एकदा, पहाटे दहा मिनिटं उभं राहून किती नर वेगवेगळ्या दिशांनी ओरडतात ते मोजा. आणि कावळा चोचीत काडी घेऊन उडताना दिसला की तो दिवस ठळक लिहा. पुढं ठिपक्या-ठिपक्यांची तपकिरी मादी ‘किक्-किक्-किक्’ करत त्याच झाडाभोवती घुटमळताना दिसेल. या दोन नोंदी शेजारी-शेजारी आल्या की वहीला अर्थ येतो.

शिंजीर गेलेला नाही. जांभळ्या शिंजिराचा नर विणीचा हंगाम सरला की तो झळाळता पोशाख उतरवतो. पावसाळा संपता-संपता आणि थंडीत तो मादीसारखा पिवळट दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळपट पट्टा राहतो. दिवाळीला तुमच्या जास्वंदीवर आलेली ‘मादी’ नीट बघितली असतीत तर पट्टा दिसला असता. आता फेब्रुवारी संपत आलाय, अर्धे-मुर्धे निळे-काळे डाग पडलेले नर दिसायला लागले असतील. ठिगळं लावल्यासारखे दिसतात बिचारे. जांभळ्या पाठीचा जो दुसरा लहान शिंजीर आहे, पिवळ्या पोटाचा, तो मात्र वर्षभर रंग बदलत नाही. एवढं माहीत असलं की ‘गायब’ हा शब्द लिहिण्याआधी हात थांबतो.

कढीपत्त्याच्या अळ्यांवर जरा थांबतो, कारण फवारणीचा प्रश्न रोज कुणीतरी विचारतंच. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले, आणि दोन्हींच्या कोवळ्या पानांवर लिंबाचं आणि मॉरमॉन ही दोन फुलपाखरं अंडी घालतात. उद्या सकाळी भिंग घेऊन शेंड्याची चार पानं उलटीपालटी करा. टाचणीच्या डोक्याएवढा, फिकट पिवळा, गुळगुळीत मणी एकटाच चिकटलेला दिसेल. ते अंडं. तीन-चार दिवसांत अळी निघते. सुरुवातीला ती तपकिरी, त्यावर पांढरे ओघळ, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा. पानाच्या मधोमध उघड्यावर बसते तरी बुलबुल तिला सोडून पुढं जातो. कात टाकत-टाकत वाढते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम हिरवीगार होते. आता विष्ठेचं सोंग चालणार नाही, म्हणून दुसरी युक्ती: काडीनं डिवचलंत तर डोक्यामागून तांबूस, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि आंबूस उग्र वास सुटतो. मुलांना दाखवा, जन्मभर विसरणार नाहीत.

ही अळी महिनाभरात फुलपाखरू होऊन जाते. मोठं झाड ती मारू शकत नाही, पानं परत फुटतात. शिवाय तिच्यावर गांधीलमाशी, शिंपी पक्षी, दयाळ सगळ्यांचा डोळा असतो. शिंप्याची पिल्लं अशाच मऊ अळ्यांवर वाढतात. फवारलंत तर अळ्या जातील, पण शिंपी येणार कशाला? आणि तीच पानं आपण फोडणीत टाकणार. माझा नियम साधा आहे: झाड कमरेच्या वर असेल तर हात लावायचा नाही, कुंडीतलं हातभर रोप असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडायच्या. वहीत अळीसोबत ‘कोवळी पानं किती’ हे लिहा. वळवानंतर आणि पुन्हा सप्टेंबरात नवी पानं फुटतात आणि अळ्या त्याच मागं लागून येतात, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

आंब्याचं मात्र खरंच काहीतरी झालंय, आणि माझा संशय पाण्याच्या नळीवर आहे. मोहोरायला आंब्याच्या फांदीचं टोक जून झालेलं लागतं आणि त्यावर काही आठवडे गार रात्री पडाव्या लागतात. परतीचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत लांबला, किंवा भाजीच्या वाफ्याला पाणी देता-देता आंब्याच्या आळ्यातही रोज सोडलं, तर झाड मोहोराचा नाद सोडून पालवी काढतं. ती तांबूस पालवी जून व्हायला वेळ लागतो, तोवर थंडी निघून जाते. म्हणून त्या फांद्यांना यंदा मोहोर नाही. याशिवाय हापूस एका वर्षाआड भरभरून फळतो, गेल्या वर्षी लदलदला असेल तर यंदा विश्रांती. कलमाचं वय, जागा सावलीची आहे का, हेही आहेच. दूर बसून मी ठाम सांगणार नाही. पण तुमच्याकडं ‘पाऊस कधी थांबला, पाणी कधी दिलं’ याची नोंद असती, तर हा प्रश्न विचारावाच लागला नसता.

म्हणजे कोकीळ, शिंजीर आणि अळ्या, तिन्ही ठिकाणी बिघडलेलं काही नाही. आंब्याचं कारण बहुधा कुंपणाच्या आत आहे. हवामान बदलत नाही असं मी म्हणत नाही. पण एका परड्याच्या दोन वर्षांवरून तो निवाडा देता येत नाही. त्याआधी बघायचं असतं की शेजाऱ्यानं चिंच तोडली का, गल्लीत नवे पांढरे दिवे बसले का, मागच्या मोकळ्या जागेवर इमारत आली का. रात्रभर दिवा पेटता राहिला तर पतंग, काजवे, पहाटेचं पक्ष्यांचं ओरडणं, सगळ्याचं गणित हलतं. माझ्या वहीत एक रकाना ‘शेजारी’ असाच आहे.

आता वही. पाच-सहा झाडं ठरवा, जात नव्हे, नेमकं झाड: परड्यातला हा आंबा, हे लिंबू, कोपऱ्यावरचा तो पिंपळ. आठवड्यातला एक वार ठरवा. प्रत्येक झाडासमोर तीनच गोष्टी: पानं (कोवळी, जून, गळती), फुलं (कळी, उमललेली), फळं (कच्ची, पिकलेली). ‘नाही, थोडी, भरपूर’ इतकं माप पुरतं. ‘नाही’ लिहायला कंटाळू नका. कोरी जागा ठेवलीत तर पुढच्या वर्षी कळत नाही की मोहोर नव्हता, की तुम्ही त्या आठवड्यात लग्नाला गेला होता. ‘पहिलं दर्शन’ याच कारणानं फसवं असतं. ज्या वर्षी आपण जास्त वेळ बाहेर काढतो त्या वर्षी सगळं ‘लवकर’ येतं.

पावसाची नोंद घरच्या घरी होते. सरळ उभ्या बाजूंचा, तोंड आणि बूड सारख्या मापाचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि रोज सकाळी साडेआठला आत पट्टी धरायची. जितके मिलिमीटर पाणी तितके मिलिमीटर पाऊस. हवामान खात्याची वेळही सकाळी ८.३० चीच आहे, त्यामुळं पुढं ताडून बघता येतं.

तारखेचं एक सांगतो. सणावरून लिहू नका. ‘गणपतीत धोबी पक्षी आला’ ही नोंद पुढच्या वर्षी निरुपयोगी ठरते. गणेश चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला होती, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट. तीन वर्षांत तीन आठवड्यांहून जास्त सरकली. पावसाची नक्षत्रं मात्र सूर्यावर चालतात, ती जागची हलत नाहीत. मृग ७-८ जूनलाच लागतो, आर्द्रा २१-२२ जूनच्या सुमाराला, हस्त सप्टेंबरच्या शेवटी. आपल्याकडं मराठी शेतकरी असो की कन्नड, पाऊस अजून नक्षत्रांनीच मोजतात. म्हणून एखाद्या आजीनं सांगितलं की ‘पूर्वी मिरगाच्या आधी आमच्या विहिरीत बेडूक ओरडायचे’, तर ती तारीख तुमच्या वहीशी जुळवता येते. मी तारखेशेजारी नक्षत्र लिहितोच. गावाकडं कुणाला काही विचारायचं तर तेच उपयोगी पडतं.

वर्षाची सुरुवात मी जानेवारीपासून धरत नाही, वळवापासून धरतो. एप्रिल-मेमध्ये दुपारभर उकडतं, चार वाजता ढग चढतात, गडगडाट होऊन अर्धा तास धो-धो पडतो. पहिला चांगला वळीव पडला की परड्यात जे होतं ते डोळ्यांत तेल घालून बघावं. रेन लिलीच्या कुंडीत आदल्या दिवशी नुसती पाती असतात, चार-पाच दिवसांत गुलाबी फुलं एकदम उभी राहतात. फुटबॉल लिली तर पानांच्या आधी फूल काढते, जमिनीतून दांडा आणि त्यावर केशरी-लाल चेंडू. इथं तारखेपेक्षा ‘वळवानंतर कितव्या दिवशी’ हे जास्त बोलकं. वळीव यंदा १० एप्रिलला आणि पुढच्या वर्षी ५ मेला पडला, तर फुलांची तारीख पंचवीस दिवसांनी पुढं जाईल, पण मधलं अंतर जवळपास तेच राहील. संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे दिव्याकडं झेपावतात. पाली, बेडूक, कोतवाल पक्षी सगळ्यांची मेजवानी. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात नुसत्या पंखांचा खच. शिवारात याच सुमाराला धूळवाफ पेरणीची घाई असते.

मेच्या शेवटी शेवटी दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक नवरंग. रात्रीच्या प्रवासात थकलेला हा पक्षी कधी शहरी परड्यातही उतरतो, पानगळीत उड्या मारत किडे शोधतो आणि पहाटे-संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो. काचेवर आपटून पडलेला सापडला तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. पाणी चोचीत ओतू नका. तासा-दोन तासांत बहुतेक वेळा सावरतो. दुसरी, फुलपाखरांचं स्थलांतर. काळ्या-निळ्या ‘टायगर’ आणि तपकिरी ‘क्रो’ फुलपाखरांचे थवे पावसाच्या तोंडावर सह्याद्रीकडून पूर्वेच्या मैदानांकडं जातात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परततात. दक्षिण भारतात याच्या नोंदी झाल्या आहेत. एकेक फुलपाखरू ओळखता नाही आलं तरी चालेल. पाच मिनिटांत किती गेली आणि कुठल्या दिशेला, एवढं लिहा. खुळखुळ्याचं वाळत चाललेलं झुडूप कुंपणाला असेल तर उपटू नका, त्यावर ही फुलपाखरं रस शोषायला लगडतात.

मृगात पहिल्या दमदार पावसानंतर तांबड्या मातीवर मखमली मृगाचे किडे निघतात. वर्षाचा बहुतेक काळ हे जमिनीत असतात, चार दिवस बाहेर येतात, खातात आणि परत आत. बाटलीत भरून ठेवू नका, मरतात. याच दिवसांत चातक येतो, काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. पावशा त्याआधीपासून ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडत असतो, पण तो इथलाच रहिवासी. चातकातले पुष्कळ आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतात, त्यामुळं त्याची तारीख वहीत सोन्यासारखी. दोघंही अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात. तुमच्या परड्यात सातभाईंचं टोळकं असेल तर ऑगस्टपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवा. स्वतःपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या, सारख्या ओरडणाऱ्या पिल्लाला सगळं टोळकं भरवताना दिसलं तर समजा.

जुलै-ऑगस्टच्या झडीत फार काही लिहायला मिळत नाही. शंखी गोगलगाय मात्र तेव्हाच बघायची. पूर्व आफ्रिकेतून आलेली ही मोठी गोगलगाय एका खेपेला शेकड्यांनी अंडी घालते. म्हणून पहिली दिसली त्याच आठवड्यात कामाला लागायचं. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याकडेला टाकायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या हातमोजे घालून गोळा करायच्या आणि मिठाच्या दाट पाण्यात टाकायच्या. मीठ झाडाच्या आळ्यात टाकू नका. आणि रात्री परड्यात जाताना बॅटरी आणि बूट. घोणशीची पिल्लं मे ते जुलैत जन्मतात, अंड्यातून नव्हे, थेट पिल्लंच, आणि विष त्यांनाही असतं. लाकडाच्या ढिगात हात घालायचा नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात भरगच्च काळ, आणि नेमकं तेव्हाच लोक तणनाशक मारून परडं ‘स्वच्छ’ करतात. ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो, तेरडा फुललेला असतो, पश्चिमेच्या कातळसड्यांवर सोनकी पिवळी होते. गवतावर फुलपाखरांची इतकी गर्दी असते की मोजणं अवघड. मी एक वारभर चौकोन दोरीनं आखून तेवढाच दहा मिनिटं बघतो. सोनेरी जाळ्याचा मोठा कोळी दोन झाडांच्या मध्ये वाटेतच जाळं ताणतो. मधोमध बसलेली भली मोठी मादी, आणि तिच्या कडेला तिळाएवढा दिसणारा नर. तो शोधून काढायचा. प्राजक्ताचा सडा कधीपासून पडतो हे तर घरातलं लहान मूलसुद्धा लिहू शकेल.

याच सुमाराला उत्तरेकडचे पाहुणे येतात. सगळ्यात आधी राखी धोबी, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, ओल्या रस्त्यावर किंवा गटाराच्या कडेनं शेपूट वर-खाली हलवत चालणारा, पोटाखाली पिवळा. मग वटवटे. हे दिसत नाहीत, ऐकू येतात. तुमच्या जास्वंदीच्या कुंपणाच्या पोटातून खडे आपटल्यासारखं ‘चक्… चक्’ यायला लागलं की आला म्हणायचं. एप्रिलमध्ये तो आवाज थांबतो. हा थांबण्याचा दिवस कुणी लिहीत नाही, कारण जे नाहीसं होतं ते लक्षात यायला उशीर लागतो. ठरलेल्या वारी कान देऊन ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहीत गेलात तर तो आपोआप सापडतो.

थंडीत आंब्याचा मोहोर, त्यावर ढगाळ हवेत तुडतुडे आणि भुरी, ते तुम्हाला कळेलच. फेब्रुवारी-मार्चात सावर, पांगारा, पळस फुलतात. झाडावर पान नाही आणि फुलांवर मैना, बुलबुल, कावळे, खारी सगळ्यांची झुंबड. परड्यात ही झाडं नसली तरी रस्त्यावरचं एक ठरवून घ्या. शिंजिराचं लोंबतं घरटंही आता सुरू होईल, कोळ्याच्या जाळ्यात वाळकी पानं आणि सालपटं गुंफलेलं. ते बहुधा तुमच्या कपड्याच्या दोरीलाच असेल. दोरी महिनाभर सोडून द्या.

वही वर्षभर टिकली तर ती स्वतःपाशी ठेवू नका. ‘सीझनवॉच’ हा देशभरातला उपक्रम झाडांच्या अशाच नोंदी घेतो. एक झाड नोंदवायचं आणि नेमानं त्याची पानं-फुलं-फळं कळवायची. पक्ष्यांसाठी ‘ई-बर्ड’ आहे, पंधरा मिनिटांत दिसलेले-ऐकलेले सगळे पक्षी टाकता येतात. तिथं यादी पूर्ण असली की जे लिहिलं नाही ते ‘नव्हतं’ असं धरता येतं, म्हणजे पुन्हा तेच. बेळगाव, खानापूर, चिक्कोडी भागातून परड्यांच्या नोंदी जितक्या येतील तितका आपल्याकडचा तक्ता तयार होईल. पुण्याचा उसना आणावा लागणार नाही.

सुरुवात या आठवड्यात करा. यंदा आंब्याला पालवी आलीच आहे तर कुठल्या फांद्यांना आली आणि कुठल्या रिकाम्या राहिल्या, हे झाडाचं ओबडधोबड चित्र काढून खुणा करून ठेवा. पाऊस पूर्ण थांबला की ऑक्टोबरनंतर त्याचं आळं कोरडं राहू द्या, नळी लिंबाकडं वळवा, आणि फळं वाटाण्याएवढी झाल्यावर मगच पाणी सुरू करा. रिकाम्या राहिलेल्या फांद्याच पुढच्या जानेवारीत आधी मोहोरल्या, तर तेवढं मला कळवा.